आठ चाळीस ते नऊ पंचवीस

सोमवारी पाषाणला नऊ पूर्णांक चार.
कुणी न विचारता सांगतो, सवय आहे.
एकतीस वर्षं शिमला ऑफिसात
झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडून
साडेआठच्या ठोक्याला किमान वाचलं,
श्वास रोखून,
कारण माझ्या श्वासानंही आकडा हलला असता.

आता तापमापी बाल्कनीत, खिळ्याला,
आणि घरात सहा दिवसांची नात.
नाव ठरायचंय.
डोळ्यांच्या पांढऱ्यात चिमूटभर हळद.
डॉक्टर म्हणाले, चौदा आहे, घाबरू नका,
सकाळचं कोवळं ऊन दाखवा.

दाखवा. जणू ते आमच्या फडताळात आहे.
समोर बावीस मजले उभे राहिल्यापासून
सूर्य आमच्याकडे दोन इमारतींच्या फटीतून येतो,
आठ चाळीसला,
नऊ पंचवीसला निघतो
मस्टरवर सही करून पसार होणाऱ्या कारकुनासारखा.

मंगळवारी आलाच नाही.
उत्तरेचं गार वारं, अरबी समुद्राचं बाष्प,
दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडलीय,
असं मी ऋजुताला हातवारे करून समजावत होतो.
ती म्हणाली, बाबा, उद्या पडेल का तेवढं सांगा.
आकाश अंशतः ढगाळ, मी म्हणालो.
तिनं असं पाहिलं
की ‘अंशतः’ हा शब्द आयुष्यात कितीदा वापरला
ते मोजत मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

रात्री चक्क उकडलं. किमान सतरा.
पंखा एकवर. दुलई पायाशी गोळा.
निफाडहून जावयांचा फोन:
आमच्याकडे परवा साडेपाच होतं,
बढती मिळाल्याच्या आवाजात.
बाळ कसं आहे, हे त्यानंतर.

बुधवारी भुरभुर, गुरुवारीही.
सोसायटीच्या आंब्याचा मोहोर आता काळा पडणार,
वॉचमन लिफ्टपाशी प्रत्येकाला सांगत होता.
लंगोट वाळेनात.
हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांखालून वाकून जाणारे आम्ही,
शेगडीवर ओवा, डोळ्यांत धूर.
मालिशीच्या फुलाबाई हात पुसत म्हणाल्या,
‘तुमच्या हापिसानं एवढं तरी करायचं की.’

गच्चीवर आमचा एक काचेचा गोळा होता.
त्याच्यामागे निळं कार्ड.
ऊन पडलं की गोळा कार्डावर
एक तपकिरी रेघ जाळत न्यायचा,
ढग आला की रेघ तुटायची.
कोरी कार्डंही मी काढली,
मागे तारीख घातली, फाइलला लावली.
त्या कोरेपणाखाली कुठल्याशा चाळीत
कुणी ओले लंगोट हातात घेऊन उभं असेल,
असं एकदाही मनात आलं नाही.
चहा मात्र वेळेवर प्यायलो.

शुक्रवारी धुकं.
तळं नाही, टेकडी नाही, बावीस मजले नाहीत.
इतक्या वर्षांनी पूर्व मोकळी दिसली
आणि तिच्यात काहीच नव्हतं.
तरी दुपट्यात गुंडाळून तिला घेऊन उभा राहिलो,
आठ चाळीस ते नऊ पंचवीस,
चुकून आलाच तर.
तिनं जांभई दिली. माझ्या चष्म्यावर दव.

शनिवारी टाचेतून रक्त घेतलं.
संध्याकाळी रिपोर्ट: साडेदहा.
उतरलं, डॉक्टर म्हणाले, आपोआप उतरतं.
आणि ऊन?
मिळालं तर चांगलंच, ते म्हणाले,
पुढच्या पेशंटचा कागद ओढत.

डायरीत मी दोन रकाने आखले होते,
डावीकडे किमान, उजवीकडे तिचा आकडा.
दोघांचा एकमेकांशी काही संबंध निघाला नाही.
एकतीस वर्षांत असं झालं असतं
तर मी पुन्हा मोजायला लावलं असतं.

रविवारी पहाटेच कळलं, नाकाच्या शेंड्याला.
फरशी बोचत होती, आकाश घासल्यासारखं.
आता गरज नव्हती,
तरी ऋजुता, फुलाबाई, मी,
शेजारच्या लोंढेबाईसुद्धा, हातात निवडायचा पावटा घेऊन,
सगळे त्या फटीकडे तोंड करून बसलो.
ऊन आलं.
आधी लोंढेबाईंच्या ताटात,
मग तिच्या डाव्या पावलावर,
मग गुडघ्यावर, सावकाश,
रेघ कुठेही न तुटता.
तिनं पाय झाडला.

डायरीत रविवारचं किमान नाही.
साडेआठ कधी वाजून गेले, कळलं नाही.